तालुक्यातले रस्ते-अपघात मोजायचे कसे? जखमीच्या मागोमाग, एकेका रजिस्टरातून

रात्री आठचा सुमार. संकलन केंद्रावर दूध घालून एक जण मोटरसायकलवरून घरी निघालाय. गळीत हंगामाचे दिवस. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रेडियम. समोरच्या गाडीच्या लख्ख उजेडात क्षणभर काही दिसत नाही आणि मोटरसायकल थेट ट्रॉलीच्या बुडात. कुणाच्या तरी पिकअपमधून ग्रामीण रुग्णालय. तिथे एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद), टाके, सलाइन, 'रेफर'. मग १०८, मग शहरातलं मोठं रुग्णालय. सहाव्या दिवशी मृत्यू.

प्रसंग मी रचलेला आहे, पण पश्चिम महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही तो रचलेला वाटणार नाही. आता हा माणूस कागदावर कुठे कुठे आहे ते बघा. ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरात तो आहे, पण जिवंत. शहरातल्या रुग्णालयात तो मृत आहे, पण पत्त्यात गावाऐवजी नुसतं तालुक्याचं नाव आहे. त्या रुग्णालयाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि कागदपत्रं मूळ ठाण्याकडे वर्ग झाली. मूळ ठाण्यात आधी जखमीचा गुन्हा दाखल होता, त्यात मृत्यूचं कलम वाढलं. वेळेत वाढलं असेल तर! आणि गावच्या ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरात तो नाहीच, कारण मृत्यूची नोंद होते ती मृत्यू घडला त्या ठिकाणी.

रस्ते-अपघातांचा अभ्यास म्हणजे बव्हंशी या माणसाचा माग काढणं. जनवैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, वाहतूक अभियांत्रिकीतले, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते किंवा पत्रकार असाल आणि एका तालुक्यापुरता नीट अभ्यास करायचा असेल, तर पुढचं वाचा. मीही हे उद्योग केलेत. चुका करून शिकलोय, त्यातल्या काही इथे येतीलच.

आधी एक आकडा नीट बघा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. त्याच वर्षी केरळात ४३,९१० अपघात आणि ४,३१७ मृत्यू. म्हणजे दर शंभर अपघातांमागे आपल्याकडे जवळपास ४६ मृत्यू, केरळात दहाही नाहीत. आपली हाडं केरळी माणसाच्या हाडांपेक्षा ठिसूळ आहेत असं कुणी म्हणणार नाही. वेग, रस्त्यांचा प्रकार, उपचार मिळायला लागणारा वेळ यांचा वाटा असेल. पण सगळ्यात मोठा फरक नोंदीचा असावा. तिथे किरकोळ अपघातही कागदावर येतो, इथे बहुधा माणूस गेला किंवा गंभीर झाला तरच येतो.

मृत्यूंच्या आकड्यातही फट आहेच. २०२१ साठी भारताची अधिकृत संख्या १,५३,९७२. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,१६,६१८. त्यामुळे 'पोलिसांकडून आकडे घेतले आणि तक्ता केला' हा अभ्यास होत नाही. तो पोलिसांच्या कामाचा अभ्यास होतो, रस्त्याचा नाही.

पायरी पहिली: प्रश्न एका वाक्यात लिहा

'अमुक तालुक्यातील रस्ते अपघातांचा अभ्यास' हा प्रश्न नाही, फायलीवरचं लेबल आहे. प्रश्न असा हवा: गेल्या वर्षी या तालुक्याच्या हद्दीत रस्त्यावर किती जण मेले आणि त्यातले किती कुठल्याच नोंदीत नाहीत? किंवा: रेडियम नसलेल्या ट्रॉलीवर मागून धडक बसण्याची शक्यता किती पटीने जास्त? पहिल्याला नोंदवह्यांची जुळणी लागेल, दुसऱ्याला तुलनेचा गट. प्रश्न ठरला की पद्धत आपोआप ठरते. विद्यार्थी बहुतेक वेळा उलटं करतात, आधी प्रश्नावली छापून आणतात.

प्रश्न सुचत नसेल तर अपघाती इजांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम हॅडन यांचा तक्ता काढा. उभ्या बाजूला तीन ओळी: धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. आडव्या बाजूला माणूस, वाहन, परिसर. आपल्या दूधवाल्यासाठी भरून पाहा. धडकेआधी, वाहन: ट्रॉलीला मागे दिवा नाही. धडकेच्या क्षणी, माणूस: हेल्मेट नाही. धडकेनंतर, परिसर: सीटी स्कॅन किती किलोमीटरवर? नऊ घरं भरेपर्यंत तुमच्या हाताशी चार-पाच तरी चांगले प्रश्न येतात. मुख्य म्हणजे 'चालकाची चूक' या एकाच घरात सगळं कोंबायची सवय मोडते.

पायरी दुसरी: कोणाला मोजायचं?

कंटाळवाणी पायरी, पण टाळलीत तर शेवटी रडाल. मृत्यूसाठी अपघातानंतर ३० दिवसांच्या आतला मृत्यू ही व्याख्या धरा. भारतातला अपघात-नोंदीचा अधिकृत फॉर्मही तीच वापरतो. जखमीसाठी तुमची मर्यादा लिहून ठेवा: कुठल्याही दवाखान्यात उपचार घेतले, किंवा किमान एक दिवस नेहमीचं काम बुडालं. शेतातल्या वाटेवर ट्रॅक्टर उलटला तर तो रस्ता की नाही? पार्किंगमधली धडक? उभ्या एसटीतून उतरताना पडलेली आजी? जे ठरवाल ते आधी, माहिती हातात यायच्या आत ठरवा.

आणि तालुक्यात *घडलेले* अपघात मोजताय की तालुक्यात *राहणाऱ्यांचे*? महामार्ग जात असेल तर या दोन आकड्यांत प्रचंड तफावत पडते. मेलेला ट्रकचालक राजस्थानचा असेल, तर त्याला तालुक्याच्या लोकसंख्येने भागून काढलेला दर निरर्थक आहे.

भागाकारात खाली काय ठेवायचं, हाही पेचच आहे. जनगणना २०११ ची, म्हणजे प्रक्षेपित लोकसंख्या घ्यावी लागते. आरटीओकडची वाहनसंख्या नोंदणी झालेल्या गाड्यांची असते. भंगारात गेलेल्या कित्येक गाड्या त्यात अजून धावतच असतात.

पायरी तिसरी: रजिस्टरं उघडा

इथे जरा रेंगाळू, कारण खरी मजा इथेच आहे.

पोलीस ठाण्यात तीन ठिकाणी बघा: मोटार अपघाताचे गुन्हे, अकस्मात मृत्यूचं रजिस्टर आणि स्टेशन डायरी. गुन्हे शोधताना कलमं दोन संचांत लागतील. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या घटनांना भारतीय दंड संहितेची २७९, ३३७, ३३८, ३०४-अ. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची २८१, १२५ आणि १०६. एकाच संचाने शोधलंत, तर २०२४ च्या मध्यात तालुक्यातले अपघात एकदम बंद झाले असा शोध लागेल.

गुन्ह्यापेक्षा मला पंचनामा जास्त आवडतो. घटनास्थळाच्या चतुःसीमा, रस्त्याची रुंदी, टायर घासल्याच्या खुणा, गाडीचं कुठलं अंग चेपलं, हातचा नकाशा हे सगळं त्यात असतं. अडचण जागेची. 'अमुक ढाब्यासमोर' लिहिलेलं असतं आणि तो ढाबा तीन वर्षांत दोनदा नाव बदलून बसलेला असतो. किलोमीटरचा दगड लिहिला असेल तर देव पावला. नसेल तर अंमलदाराला किंवा बीट हवालदाराला सोबत घेऊन जागेवर जा आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा. अलीकडच्या अपघातांचं काम सोपं झालंय: आयआयटी मद्रास आणि एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) यांनी उभी केलेली 'आयरॅड' ही अपघात-नोंदीची प्रणाली वापरून पोलीस जागेवरूनच स्थान नोंदवतात. २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत तिची सुरुवात झाली त्यात महाराष्ट्र होता. तरी दहा-वीस नोंदी जागेवर जाऊन पडताळाच. नोंद ठाण्यात बसून भरली असेल, तर सगळे अपघात ठाण्याच्या अंगणात झालेले दिसतात.

रुग्णालयात एमएलसी रजिस्टर, कॅज्युअल्टी रजिस्टर, वॉर्डाचं भरती रजिस्टर आणि शवविच्छेदनाचं, म्हणजे सगळे ज्याला 'पीएम' म्हणतात त्याचं रजिस्टर. एमएलसीत 'आरटीए', म्हणजे रोड ट्रॅफिक अ‍ॅक्सिडेंट, लिहिलेलं सहज सापडतं. पण 'गाडीवरून पडून', 'स्लिप होऊन', 'डोक्यास मार' अशा नोंदीही उघडून पाहा. स्वतःच घसरून पडलेला दुचाकीस्वार पोलिसांकडे जातच नाही: समोर गाडी नाही, तक्रार कुणाविरुद्ध करणार? शिवाय खासगी हाडांचे दवाखाने. तालुक्याच्या गावात असे दोन-तीन असतातच आणि तालुक्यातले निम्मे मोडलेले पाय तिथेच जात असतील असा माझा कयास. डॉक्टरांना भेटायला दुपारी तीनला जा, ओपीडी संपलेली असते. नावं मागू नका. आधी फक्त संख्या मागा. विश्वास बसला की रजिस्टर समोर येतं.

१०८ ची नोंद विसरू नका. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. फोन कधी आला, गाडी कधी पोहोचली, रुग्णालयात कधी सोडलं, या वेळा दुसऱ्या कुठल्याच कागदावर इतक्या नीट मिळत नाहीत.

दोन गोष्टींवर नोंदीचा विश्वास धरू नका. पहिली, चालक कोण होता. लायसन्स नसलेल्या पोराच्या जागी काका चालक होतात; विम्याचा प्रश्न असतो. दुसरी, दारू. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, पण रक्त घेतलंच नसेल तर रकाना कोरा राहतो. कोरा म्हणजे 'नाही' नव्हे. तुमच्या फॉर्ममध्ये 'होय', 'नाही' आणि 'नोंद नाही' असे तीन पर्याय ठेवा. 'नोंद नाही' किती टक्के, हेही निष्कर्षांत छापा. हेल्मेटचंही तसंच.

पायरी चौथी: जुळणी, आणि न दिसलेल्यांचा अंदाज

आता दोन याद्या समोर ठेवा. समजा, वर्षभरात पोलिसांच्या यादीत ६२ मृत्यू, रुग्णालयं आणि पीएम रजिस्टरं मिळून ७१, आणि दोन्हीकडे असलेले ४४. (आकडे उदाहरणापुरते.) एकूण दिसलेले ६२ + ७१ − ४४ = ८९. पण दोन्ही जाळ्यांतून निसटलेले किती? तळ्यातले मासे मोजणारे वापरतात तीच युक्ती इथे चालते. एकदा पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं, आणि खुणेचे किती परत आले त्यावरून एकूण मासे काढायचे. चॅपमनचं सूत्र:

एकूण = (पहिली यादी + १) × (दुसरी यादी + १) ÷ (समाईक + १) − १

म्हणजे ६३ × ७२ ÷ ४५ − १, सुमारे १००. ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ९० ते १०९, म्हणजे खरा आकडा बहुधा या दोहोंच्या दरम्यान. दिसलेले ८९, म्हणजे अंदाजे अकरा जण कुठेच नाहीत.

कराचीत रझाक आणि ल्युबी या संशोधकांनी हीच पद्धत वापरून १९९८ मध्ये दाखवलं, की अधिकृत नोंदीत तिथले ५६ टक्के मृत्यू होते आणि गंभीर जखमी फक्त ४ टक्के.

पण थांबा. या सूत्राचा जीव 'समाईक' या एका आकड्यात आहे. पोलिसांकडे 'ज्ञानोबा', रुग्णालयात 'ज्ञानेश्वर', पीएमला 'माऊली' असं एकाच माणसाचं नाव मी पाहिलंय. अशा सहा जोड्या तुम्हाला जुळल्या नाहीत असं धरा: समाईक ३८ उरतात आणि अंदाज १०० वरून ११५ वर उडी मारतो. पंधरा माणसं निव्वळ शुद्धलेखनाने मेली! म्हणून नावावर एकट्यावर विसंबू नका. वय (पाच वर्षं मागेपुढे), लिंग, अपघाताची तारीख (एक दिवस मागेपुढे, कारण मध्यरात्र), गाव, वाहन हे सगळं धरून गुण द्या. दोघांनी स्वतंत्रपणे जुळवा आणि वाद झालेल्या जोड्या तिसऱ्याने बघाव्यात. मग अंदाज सैल आणि कडक अशा दोन्ही निकषांनी काढा आणि दोन्ही छापा.

दुसरी मेख अशी, की सूत्र दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र धरतं. प्रत्यक्षात एमएलसी झाली की रुग्णालयच पोलिसांना कळवतं. अशा वेळी समाईक फुगतो आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. हे लिहा, लपवू नका. महामार्ग आणि गावरस्ते वेगळे करून अंदाज काढा; १०८ ची तिसरी यादी मिळाली तर याद्यांचं एकमेकींवरचं अवलंबन तपासता येतं, पण तिथे संख्याशास्त्रज्ञाला सोबत घ्याच.

पायरी पाचवी: घरोघरी

जखमींचा खरा आकडा रजिस्टरात नाहीच, तो घरात आहे. समजा वर्षाला तीन टक्के लोक जखमी होतात असा अंदाज आहे आणि ०.६ टक्क्यांपर्यंतची चूक चालेल. नेहमीच्या सूत्राने सुमारे ३,१०० माणसं येतात. पण आपण गावं निवडतो, सुटी माणसं नाही. एका गावातल्या लोकांचा रस्ता एकच. म्हणून दीडपट, मग दहा टक्के न सापडणारे धरून सुमारे ५,२०० माणसं, म्हणजे साडेअकराशे घरं. लोकसंख्येच्या प्रमाणात ३० वस्त्या निवडा, प्रत्येकीत ३८-३९ घरं. एवढं करून हाती जखमी येतील दीडशेच्या आसपास. म्हणून घरोघरी सर्वेक्षणातून मृत्यूंचा आकडा काढायचा नाद सोडा, त्याला नमुना पुरत नाही.

प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. आमच्या पहिल्या चाचणीत "घरात कुणाचा अपघात झाला का?" असं विचारलं. एका घरी आजी ठामपणे म्हणाल्या, "नाही बाबा, अपघात-बिपघात काही नाही." आतून नातू लंगडत बाहेर आला. "ह्यो? ह्यो नुसता गाडीवरनं पडला. पायात सळई हाय त्याच्या."

लोकांच्या लेखी अपघात म्हणजे माणूस गेला ती गोष्ट. त्यानंतर आम्ही असं विचारू लागलो: गाडीवरून पडलं, घसरलं, कुणी धडक दिली, रस्ता ओलांडताना लागलं, सायकलवरून पडलं, असं घरातल्या प्रत्येकाबाबत, नाव घेऊन. त्यामुळे काम बुडालं का? किती दिवस?

आठवण लवकर विरते. किरकोळ जखमांसाठी फार तर तीन महिने मागे जा, मोठ्यांसाठी बारा. घानातल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की जितकं मागचं विचारावं तितका किरकोळ जखमांचा दर घसरतो, पण महिनाभर अंथरुणाला खिळवणाऱ्या जखमा लोक विसरत नाहीत. तारखा विचारू नका. दिवाळीच्या आधी की नंतर, जत्रेच्या आसपास का, कारखान्याचं धुराडं पेटलं होतं का, असं विचारा.

दारात गेलात की पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: "वकिलाकडून आलात का?" किंवा "विम्याचे का?" अपघात दावा न्यायाधिकरणात चालू असेल, तर घरचे मोजूनमापून बोलतात. ओळखपत्र, कॉलेजचं पत्र आणि सोबत गावची आशाताई हवीच. मृत्यू झालेल्या घरी तेराव्याआधी पाऊल टाकू नका. मी तर सहा आठवडे थांबतो. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी हे सगळं सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. बेशुद्ध रुग्णासाठी संमती कायदेशीररीत्या देऊ शकणाऱ्या नातेवाइकाची, आणि तो शुद्धीवर आला की पुन्हा त्याची. जुळणीसाठी नावं लागतात, म्हणून नावांची फाइल वेगळी, कुलूपबंद. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक.

पायरी सहावी: किती लागलंय?

'गंभीर' हा शब्द पोलिसांच्या कलमातून घेऊ नका. दात पडला तरी कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते. १९७४ मध्ये मांडलेला दुखापत-तीव्रता गुणांक वापरा. शरीराचे सहा भाग, प्रत्येक जखमेला एक ते सहा श्रेणी, त्यातल्या सर्वाधिक जखमी तीन *वेगवेगळ्या* भागांच्या श्रेणींचे वर्ग करून बेरीज. आपल्या दूधवाल्याला डोक्यातल्या रक्तस्रावाची ४, मांडीचं हाड मोडल्याची ३, दोन बरगड्यांची २ श्रेणी धरली, तर १६ + ९ + ४ = २९. पंधराच्या वर म्हणजे मोठी इजा. कमाल ७५. रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एस आणि टी ची कोडं काय मोडलं ते सांगतात, व्ही ची कोडं कशाने मोडलं ते: पादचारी व्ही०१ ते व्ही०९, दुचाकीस्वार व्ही२० ते व्ही२९. केसपेपरवर पहिलं बहुधा असतं, दुसरं बहुधा नसतं.

पायरी सातवी: कारण शोधायचं असेल तर तुलना हवी

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रबंधात हे वाक्य भेटतं: 'डोक्याला मार लागलेल्यांपैकी ८० टक्के विनाहेल्मेट होते, यावरून हेल्मेटचं महत्त्व सिद्ध होतं.' सिद्ध काहीच होत नाही. रस्त्यावरही ८० टक्के विनाहेल्मेटच फिरत असतील तर? हेल्मेट उपयोगी आहे यात शंका नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ते मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी करतं असं निघालं आहे. पण ते निघालं तुलनेतून.

ट्रॉलीच्या रेडियमचा प्रश्न घ्या. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९६२-६३ मध्ये बोर्केनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दारूचा अभ्यास करताना एक देखणी रचना वापरली होती: जिथे अपघात झाला त्याच जागी, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळी इतर चालकांना थांबवून तपासलं. आपण तेच करू. रात्री मागून धडक बसलेली ट्रॉली हा 'रुग्ण'. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच तासाला, त्याच जागेवरून त्याच दिशेने जाणाऱ्या पहिल्या तीन ट्रॉल्या हा तुलनेचा गट. समजा ४० धडक बसलेल्या ट्रॉल्यांपैकी ३४ ना रेडियम नव्हतं आणि १२० तुलनेच्या ट्रॉल्यांपैकी ६० ना नव्हतं. गुणोत्तर (३४ ÷ ६) ÷ (६० ÷ ६०), म्हणजे रेडियम नसलेल्या ट्रॉलीला धोका सुमारे ५.७ पट. (जोड्या लावल्यात, त्यामुळे अंतिम विश्लेषण जोड्या धरूनच करा, हा कच्चा हिशेब झाला.)

सापळा इथेही आहे. अपघातानंतर चार दिवसांनी ट्रॉली बघायला गेलात, तर तिच्यावर कोरं करकरीत रेडियम चमकत असतं. म्हणून रेडियम होतं की नाही हे पंचनाम्याच्या फोटोवरूनच ठरवा, आणि फोटो बघणाऱ्याला ही कुठल्या गटातली ट्रॉली आहे ते सांगू नका.

मोबाइलसारख्या घटकाभराच्या गोष्टींसाठी माणसाची तुलना त्याच्याशीच करता येते. रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी १९९७ मध्ये छापलेल्या अभ्यासात टोरांटोतल्या ६९९ चालकांच्या कॉलच्या नोंदी तपासल्या: धडकेच्या अगदी आधीची वेळ आणि त्याच चालकाची आदल्या दिवशीची तीच वेळ. धोका चौपट निघाला. यात वय, स्वभाव, गाडी सगळं आपोआप सारखं राहतं.

पायरी आठवी: रस्त्यावर उभं राहा

घड्याळ, क्लिपबोर्ड आणि दोन माणसं: एक बघतो, एक लिहितो. चालक, मागे बसलेला, हेल्मेट, आणि हेल्मेटचा पट्टा बांधला का, हे चौथं विसरू नका. टाकीवर ठेवलेलं किंवा कोपरात अडकवलेलं हेल्मेट म्हणजे 'नाही'. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस, सकाळ आणि रात्र, चौक आणि मोकळा रस्ता, असं वाटून घ्या. पोलिसांच्या नाकाबंदीजवळ उभे राहू नका, तिथे सगळा तालुका कायदा पाळतो. वेग मोजायचा तर स्पीड गन लपवून. सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका चारेक टक्के वाढतो, म्हणून हे मोजमाप वाया जात नाही.

पायरी नववी: 'ब्लॅक स्पॉट' आणि घसरणारे आकडे

राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले किंवा दहा जण दगावले, तो ब्लॅक स्पॉट. तिथे गतिरोधक बसतो, पुढच्या वर्षी मृत्यू नऊवरून चारवर येतात, पेपरात फोटो येतो. जरा धीर धरा. नऊ या मोजणीची ९५ टक्के विश्वासमर्यादाच चार ते सतरा आहे. शिवाय ती जागा निवडलीच गेली ती तिच्या सर्वांत वाईट वर्षामुळे. काही न करताही पुढचं वर्ष बहुधा बरंच गेलं असतं. म्हणून आधीची आणि नंतरची किमान तीन-तीन वर्षं, आणि सोबत तशाच, पण काम न झालेल्या जागा. अपघात ही मोजणीची संख्या आहे, तिला पॉइसन किंवा ऋण-द्विपद प्रतिमान (मोजणीच्या आकड्यांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धती) लागतं. टी-टेस्ट, म्हणजे सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी, लावू नका. तीन वर्षं थांबायला वेळ नसेल, तर चौकात कॅमेरा लावून 'थोडक्यात वाचले' असे प्रसंग मोजता येतात: एक गाडी जागा सोडते आणि दुसरी तिथे पोहोचते, त्यात किती सेकंद गेले.

आणि वेळापत्रक

उसाच्या ट्रॉल्यांचा अभ्यास करायचा तर हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो हे धरून उलटं मोजा. ऑक्टोबरात प्रश्नावलीची चाचणी. सप्टेंबरात सर्वेक्षकांचं प्रशिक्षण, त्यातला एक पूर्ण दिवस निव्वळ जुनी एमएलसी अक्षरं वाचण्यासाठी. जुलै-ऑगस्ट परवानग्या. पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तुमच्या संस्थेची नैतिक समिती, चौघांकडे एकाच आठवड्यात अर्ज टाका, एकामागून एक नको. समितीचं मंजुरीपत्र आलं की त्याची प्रत बाकी तिघांना जोडून द्या. पत्राच्या तीन प्रती न्या. आणि आवक-जावकच्या टेबलावर आपल्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय मूळ पत्र हातातून सोडू नका.